गड्डा न धरलेला फ्लॉवर

पनवेलच्या आमच्या गॅलरीत यंदाही फ्लॉवरला नुसती पानंच आली. थंडीच नाही, तर गड्डा धरणार कसा? तरी सासरे गेल्यावर नाशिकहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई रोज सकाळी फ्रीजमधला बर्फाचा ट्रे त्या कुंडीत रिकामा करतात. "त्याला वाटू दे, थंडी पडलीय."

दमलेल्या माणसाला दुसऱ्याची आशासुद्धा जड होते. आज ऑफिसला निघताना मी वैतागून म्हटलं, "आई, सोडा आता. इथे नाही व्हायचं त्याचं काही."

बर्फाचे तुकडे बुंध्याशी सारखे करत त्या म्हणाल्या, "माझा तरी इथे कुठे जीव रमतो गं? पण तू रोज आल्याचा चहा हातात आणून देतेसच ना?"

मी पर्स खाली ठेवली आणि रिकामा ट्रे नळाखाली धरला.