प्रत्येक सेटातला एक कप

आजीकडे कपांचा एकही पूर्ण सेट नव्हता. आजोबा सैन्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची आणि गवतात गुंडाळून खोक्यांत भरलेली भांडी नव्या गावी पोचेपर्यंत निम्मी फुटलेली असायची. प्रत्येक सेटातला शेवटचा उरलेला कप आजी जपून ठेवायची. चंडीगडच्या आमच्या घरात काचेच्या कपाटात ते सगळे मांडलेले होते. निळ्या काठाचा झाशीचा. तिथे बाबांचा जन्म झाला. सोनेरी रेघ पुसट झालेला जोरहाटचा; तिथे घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा आजीने खाटेवर स्टोव्ह ठेवून भात शिजवला होता. मी लहानपणी एकेका कपाकडे बोट दाखवायचे आणि ती हकीकत सांगायची. सगळ्यांच्या मागे एनॅमलचा एक छोटा मग होता, पांढरा, टवके उडालेला. त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायची, "तो असाच." आणि पदराने कपाटाची काच पुसायला लागायची.

निवृत्तीनंतर आजोबा कराडला परतले नाहीत. भाऊ, शेत, सगळं तिकडे होतं. इथली हवा मानवते, एवढंच ते सांगत. पुढे बाबांना सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली, मग तो विषयच निघेनासा झाला. आजोबा गेले तेही इथेच.

त्यानंतर काही वर्षांनी आजीला विसर पडायला लागला. इतकी वर्षं शेजारणींशी ती झकास पंजाबी बोलायची. ती भाषा आधी गेली, मग हिंदी. दिवसभर सोबतीला येणाऱ्या बाईंना तिची मराठी कळेना, म्हणून सकाळी तिच्याजवळ मी बसू लागले. माझं आयटी पार्कमधलं ऑफिस दुपारचं असे.

गेल्या हिवाळ्यात ती कपाट उघडून कप बाहेर काढायला लागली. पाहुणे यायचेत म्हणायची. आम्हाला बरंच वाटलं, निदान कशात तरी रमतेय. मग एका सकाळी, बाहेर धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं तेव्हा, तिने तो एनॅमलचा मग काढला, त्यात दूध ओतलं आणि मला विचारलं, "ती उठली का गं?"

कोण, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली नव्हतेच.

बाबा पेपर वाचत होते. ते उठून आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, तेव्हा पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांना एक धाकटी बहीण होती. तेव्हा त्यांचं क्वार्टर इथून जवळच, पिंजौरच्या अलीकडे होतं आणि आजोबा सीमेवर. तिला ताप आला, आणि तो उतरलाच नाही. लहान मूल म्हणून शेजारच्या जवानांनी तिला नदीकाठी पुरलं. आजोबा आल्यावर घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. सहा-सात वर्षांच्या बाबांनाही तेच सांगण्यात आलं, आणि त्यांनी ते आयुष्यभर पाळलं. आईलासुद्धा, त्यांच्या बायकोला, ठाऊक नव्हतं.

"म्हणून कराडला गेले नाहीत," बाबा म्हणाले. "तिला इथे टाकून कसे जाणार?"

दुसऱ्या दिवशी आजीने पुन्हा विचारलं. या वेळी बाबांनी खरं सांगितलं, "आई, ती गेली." आजीचा चेहरा पाहून मी खिडकीकडे वळले. तिला ती बातमी त्या क्षणी कळत होती. संध्याकाळपर्यंत ती रडली आणि सकाळी सगळं विसरून पुन्हा दूध ओतत बसली. तेव्हापासून बाबा खोटं बोलू लागले.

"झोपलीये अजून," ते म्हणायचे.

"निजू दे तिला," आजी म्हणायची. "गारठा लई आहे."

ते दूध गार होई, साय धरे. आई नंतर तो मग विसळून ठेवी. आजी फेब्रुवारीत गेली, तोवर हे रोज चालू होतं.

दिवस झाल्यावर बाकीचे कप आईने कागदात बांधून माळ्यावर ठेवले. एनॅमलचा मग बाबांनी घेतला आणि मला गाडी काढायला सांगितली. तो बहिणीजवळ ठेवायचा, असं त्यांच्या मनात होतं. पिंजौरच्या बाजूला नदी सापडली, पण काठावर गोदामं होती, नवी घरं होती, विटांचे ढीग होते. झाड होतं एक, बाबा म्हणाले, मोठं. कसलं, ते त्यांना आठवेना. ते थोडं वर चालत गेले, मग खाली आले. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मीच इथे अलीकडे आलो. कालक्याच्या बसेस धूळ उडवत जात होत्या. शेवटी बाबा गाडीत येऊन बसले. एनॅमलचा मग त्यांच्या मांडीवर तसाच होता.

परतताना मी विचारलं, दिसायला कशी होती ती.

"ती माझे मोजे ओढायची, ते आठवतं," बाबा म्हणाले. "चेहरा नाही आठवत. आईला आठवत होता. विचारून घ्यायला हवं होतं."

घरी पोचल्यावर आईने पानं वाढली. बाबा हात धुवायला म्हणून गेले, ते बराच वेळ नळ चालू ठेवून तिथेच उभे राहिले.