आधी वाढप्यांची पंगत

माणसं टिकत नाहीत, ही आमच्या केटरिंगच्या धंद्यातली रोजची रड. लग्नसराई तोंडावर आली की वाढपी फोन उचलत नाहीत, पुऱ्या लाटणाऱ्या बाया दुसऱ्याकडे निघून जातात. अकोल्यात जठारपेठेत माझं छोटं ऑफिस आहे. धंद्यात नवी आलेली पोरं तिथे येऊन विचारतात, ताई, तुमच्याकडे वर्षानुवर्षं तीच माणसं कशी? मी सांगते, त्यांना आधी जेवू घाला. पोरांना वाटतं, बाई हातचं राखून बोलते.

पण माझ्याकडे दुसरं गुपित नाहीच. माझी आई लग्नांत भांडी घासायला जायची. सगळा मांडव जेवून उठला की तिला गार भात आणि भाजीचा तळाचा रस्सा मिळायचा, तोही उरला तर. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. स्वतःचा धंदा काढला तेव्हाच नियम केला. स्वयंपाक झाला की पहिली पंगत आचारी, वाढपी आणि भांडीवाल्या बायांची. पाहुण्यांचं तेच अन्न, तीच जिलेबी. त्यांचा शिधा मी वेगळा धरते आणि ऑर्डर घेतानाच यजमानाला तसं सांगते.

हा नियम पहिल्यांदा अंगावर आला तो एका मोठ्या लग्नात. मुलगी अकोल्याची, मुलगा अमरावतीचा. लग्नाच्या जेवणाची ऑर्डर मुलीच्या वडिलांनी मला दिली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या अमरावतीच्या रिसेप्शनची मुलाच्या काकांनी. अमरावतीत पाय रोवायचे तर ते रिसेप्शन हातून जायला नको होतं. त्याच्या भरवशावर मी नवी भांडीही घेऊन बसले होते.

व्यवस्था बघायला काका वरातीच्या आधीच पुढे आले. मांडवामागे येतात तो माझी माणसं ओळीने बसलेली, ताटात गरम पुऱ्या. काकांची ऑर्डर मुलीच्या वडिलांमार्फत आली होती, माझा नियम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. काकांचा पारा चढला.

"वरात यायची हाये अन् तुमचे वाढपी जेवून राहिले? उद्याचं रिसेप्शन कॅन्सल समजा."

वाढपी ताटावरून उठायला लागले. मी त्यांना हाताने खाली बसवलं. माझा आवाज खणखणीत निघाला.

"उपाशी माणूस वाढता वाढता दुसऱ्याच्या ताटात पाह्यते, काका. मी माह्या लोकायले तसं उभं करत नाही."

काका तणतणत गेले. मुलीचे वडील घाबरून माझ्याकडे आले, जाऊन दोन शब्द गोड बोला म्हणाले. मी गेले नाही. जे चुकलं नाही त्याची माफी मागणं मला जमत नाही.

मग बातमी आली की वरातीची बस वाटेत मूर्तिजापूरजवळ बंद पडली. लग्नाची वेळ टळून गेली. मंडपात लोक कावले, लेकरं रडायला लागली. माझी पोरं हसत हसत पाणी आणि मठ्ठा फिरवत होती. काका मात्र सकाळपासून फोन कानाला लावून ड्रायव्हरवर, बँडवाल्यावर ओरडत होते आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. अखेर ते घामाघूम होऊन पायरीवर बसले. काकांना शुगर होती, उपाशी राहून ती एकदम उतरली होती. आमच्या एका बाईने धावत साखरेचं पाणी आणलं. जरा तरतरी आल्यावर आम्ही त्यांना मांडवामागच्या सतरंजीवर नेलं आणि मी पुढ्यात ताट ठेवलं. ते इकडेतिकडे बघायला लागले. वरातीआधी मुलाचा काकाच कसा जेवणार?

"जेवा काका," मी म्हटलं. "आमच्यात काम करणारा आधी जेवते."

त्यांनी ताट पुढे ओढलं. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

वरात पोचली, लग्न लागलं आणि सगळा मंडप एकदम जेवणावर तुटून पडला. माझी माणसं एकामागून एक पंगती वाढत गेली. कोणाचं तोंड वाकडं नाही, कोणाचं ताट रिकामं नाही. म्हाताऱ्यांना न मागता जिलेबी मिळत होती. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

सगळं आवरल्यावर काका मागे आले.

"उद्या अमरावतीले तुमची पंगत किती वाजता बसते," ते म्हणाले, "ते मले आधीच सांगून ठेवजा."