लाली रोज सकाळी रडायची

चहात साखर कमी पडली असेल तर आत्ताच सांगा, कारण हा किस्सा सुरू झाला की माझं चहाकडं लक्ष राहत नाही. माझा वेंधळेपणा तुम्हाला नवीन नाही. पाहुण्यांना निरोप देताना त्यांच्या पिशवीत आमच्याच घराची किल्ली घालून दिली होती, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, ते आठवतं ना? पण लालीच्या बाबतीत मी जे केलं त्याला वेंधळेपणा म्हणायचीही सोय नाही. ते मी मन लावून केलं. रोज. अंघोळ करून!

लाली म्हणजे आमच्या रेणूची गाडी. लाल, बुटकी, दोनच माणसांची. बसताना आधी वाकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं, आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. रेणू संभाजीनगरला कंपनीत आहे. तिनं ही जुनी स्पोर्ट्‌सची गाडी हौसेनं घेतली आणि अधूनमधून रविवारी ती पुण्याकडच्या ट्रॅकवर पळवायला न्यायची. ट्रॅक म्हणजे काय, तर गोल रस्ता. जिवाच्या आकांतानं पळायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. आमच्या ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं जालना ते अंबड काळी-पिवळी जीप चालवली. ते रेणूला म्हणाले, "माझ्या रस्त्यावर निदान अंबड तरी येत होतं."

रेणूच्या भाड्याच्या घरी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून लाली आमच्या अंगणात राहायची. आता माझी गोम सांगते. नोकरी लागल्यावर रेणू सणावारालाच यायची. लाली आली आणि पोरगी दर शनिवारी घरी! आल्या आल्या गाडीखाली शिरायची, तासाभरानं काळे हात घेऊन बाहेर यायची आणि ओट्यावर बसून गरम भाकरी खायची. बोलायची, हसायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइल बघायची. मला सांगा, अशा गाडीला मी गाडी कशी म्हणू? ती तर मुराळी होती माझ्या लेकीची. दर आठवड्याला तिला माहेरी घेऊन येणारी.

तर एकदा जाताना रेणू म्हणाली की गाडी आठवडाभर बंद राहिली की बॅटरी उतरते, दोन दिवसांआड जरा चालू करून ठेवत जा. किल्ली कशी फिरवायची, गिअर मोकळा आहे हे कसं बघायचं, सगळं तिनं शिकवलं. मला गाडी चालवता येत नाही. पण मुराळ्याचा पाहुणचार माझ्याकडं आला म्हटल्यावर मी दोन दिवसांआड कशाला करीन? रोज करायला लागले.

आता आमचं अंगण उताराचं. लालीचं तोंड फाटकाकडं, फाटकाबाहेर रस्ता आणि रस्त्यावर शाळेला जाणारी लेकरं. ह्यांच्या जीपपासून आमच्या घरात एक नियम आहे. उतारावर गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचा आणि पुढची चाकं पार भिंतीकडं वळवून ठेवायची, म्हणजे गाडी सुटलीच तर भिंतीला टेकेल, माणसावर जाणार नाही. हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. ह्यांच्या मते हँडब्रेक म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन.

म्हणून मी गाडी चालू केली की स्टेअरिंग भिंतीच्या बाजूला वळवायची. गाडी चालू असली की ते लोण्यासारखं फिरतं हो! फिरवत फिरवत अगदी शेवटाला न्यायची. पण हात सोडला की ते थोडं माघारी यायचं. मला काही ते पटेना. मग जुन्या सुती साडीचा काठ फाडला आणि स्टेअरिंग सीटखालच्या दांडीला करकचून बांधलं. आता गाडी भूकंपातही फाटकाकडं जाणार नाही, अशी माझी खात्री झाली.

मग मी अंगण झाडायची, सडा टाकायची, तुळशीला पाणी घालायची. आणि तेवढा वेळ लाली कण्हायची.

खरंच. बारीक आवाजात, "कूंऽऽई" करून. लेकरू झोपेतून उठून आईला शोधतं ना, अगदी तसं. पहिल्या दिवशी माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. मी जवळ गेले, तिच्या गरम पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "उगी, माय. शनिवारी येईल ती." मग साडीचा काठ सोडला, आणि काय सांगू, लाली गप्प! मी ह्यांना सांगितलं की गाडीला सुद्धा माणूस कळतो. ते म्हणाले, "मला न्हाई कळलं आजवर, गाडीला कळू दे." हे पहाटेच पारावर जाऊन बसतात. त्यामुळं त्यांनी लालीचं रडणं कधी ऐकलं नाही, आणि माझ्या गाठीही कधी पाहिल्या नाहीत.

पुढच्याच ट्रॅकला लालीचा होज फुटला. होज म्हणजे रबराची जाड नळी. स्टेअरिंग हलकं फिरावं म्हणून तिच्यातून तेल दाबानं फिरतं. ती फुटली की तेल सांडतं, धूर होतो आणि लोण्यासारखं स्टेअरिंग एकदम उखळासारखं जड होतं. रेणूनं गाडी हळूच बाजूला घेतली म्हणे. मला ती हसत सांगत होती, पण तिचे दंड भरून आले होते, हे मी तेल लावताना पाहिलं.

नवीन जालना भागात आमच्या ओळखीचे अन्वरभाई आहेत. ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे होज बनवतात. त्यांनी नवीन होज बनवून दिला, आमच्याकडं पोहे खाल्ले आणि रेणूला म्हणाले की आता ही गाडी म्हातारी होईल पण होज फुटणार नाही.

पुढच्या खेपेला तो फुटला.

अन्वरभाईंनी आत पोलादी तारेची जाळी असलेला होज बनवला. तोही फुटला. मग रेणूनं कुठून कुठून माहिती काढली. इंजिनाची धग लागते म्हणून होजला चांदीसारखं चकचकीत आवरण घातलं. तेल तापतं म्हणून ते थंड करायला समोर छोटा रेडिएटर बसवला. दोन शनिवार ती गाडीखाली होती. बाहेर आली तेव्हा इतकी खूश होती की ह्यांनाही वाकून सगळं बघायला लावलं. आणि पुढच्या रविवारी ट्रॅकवर अर्धा दिवस होत नाही तो पुन्हा तेच, धूर आणि तेल.

इकडं माझं काय चाललं होतं? माझं प्रेम वाढत होतं! आजारी माणसाला थंड पडू द्यायचं नसतं, हे आपल्याला माहीत. होज फुटून नवा बसला की मी लालीला सकाळी जास्त वेळ चालू ठेवायला लागले. आधी नुसता सडा व्हायचा तेवढ्यात, नंतर रांगोळीसुद्धा व्हायला लागली. ती जास्त रडायची, मी जास्त समजूत घालायची.

अन्वरभाईंच्या तर जिव्हारी लागलं. जिल्हाभरातले जेसीबी त्यांच्या होजवर डोंगर फोडतात आणि एक टीचभर गाडी त्यांची इज्जत काढते! ते रेणूला म्हणाले, "बेटी, होज बराबर है. तेरे चलानेमेंच कुछ तो है." रेणूला ते लागलं. त्या दिवशी तिनं पोहेही खाल्ले नाहीत.

त्या शनिवारी जेवताना तिनं सांगून टाकलं. "आई, मी लाली विकून राह्यले. मलाच चालवता येत न्हाई बहुतेक."

परतूरचा एक कापसाचा व्यापारी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी गाडी बघायला येणार होता. हे मान खाली घालून जेवत राहिले. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? पण माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. गाडी जाणार म्हणजे शनिवार जाणार. हे कुणाला बोलून दाखवायचं? पोरीचं मन मोडलंय आणि मी माझा शनिवार घेऊन बसलेय!

तो आठवडा मी लालीची सेवा केली, अगदी सासरी निघालेल्या लेकीची करतात तशी. शुक्रवारी सकाळी तर स्टेअरिंगला नवा काठ घेतला, पैठणीसारख्या रंगाचा, आणि दोन गाठी जास्त मारल्या. लाली इतकी कळवळून रडायला लागली की मला राहवलं नाही. झाडू टाकला, पुढं जाऊन तिच्या नाकाडावर गाल टेकवला.

म्हटलं, "नको गं रडू. मला काय कमी वाईट वाटून राह्यलं? तू गेलीस तर माझी रेणू कशाला येईल इथं? पण तिचं मन तुझ्यावरनं उडलंय, माय. तिथं परतूरला नीट राहा. फुटूबिटू नको."

मागून आवाज आला, "आई."

फाटकात रेणू उभी. विकायच्या आधी गाडी धुवावी म्हणून रजा टाकून आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, माझं बोलणं ऐकून. असेलही. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती काचेतून आत बघत होती.

"आई, ते काय बांधलंय?"

"काठ आहे. गाडी सुटू नये म्हणून."

"चालू गाडीचं स्टेअरिंग शेवटाला नेऊन बांधलंय?"

"मंग? उतार आहे ना."

"रोज बांधती?"

आता मला वाटलं, शाबासकीच मिळणार. म्हटलं, "एक दिवस चुकवला न्हाई, बाई."

रेणू तशीच मटकन पायरीवर बसली. आधी तिनं तोंडावर हात ठेवला, मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, जवळ गेले, तर पोरगी हसत होती. हसता हसता रडत होती आणि हातानं खूण करत होती, आधी ती गाडी बंद कर म्हणून.

मग तिनं मला समजावलं. स्टेअरिंग शेवटाला नेऊन दाबून धरलं की तेलाला पुढं जायला वाट राहत नाही. पंप आपला दाबतच राहतो. कुकरची शिट्टी बोटानं दाबून धरावी आणि खाली गॅस मोठा करावा, तसं. तेल तिथल्या तिथं उकळतं आणि होज आतून शिजून मऊ होतो. म्हणजे ट्रॅकवर फुटायचं ते नुसतं नाव, मी रोज सकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्याला अर्धा शिजवूनच पाठवत होते! रेणू एका बाजूनं त्याला थंड करायला रेडिएटर लावत होती आणि दुसऱ्या बाजूनं आई चूल पेटवून बसली होती.

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पोरीला वाटत होतं तिलाच चालवता येत नाही. आणि माझी गाडी तर जागची हललीही नव्हती!

माझे डोळे पुसता पुसता रेणू हळूच म्हणाली, "आई, गाडी गेली तर मी कशाला येईल, असं म्हणत होती का तू?"

मी पदर चाचपत राहिले.

"पार्किंग मला कधीच मिळालंय तिकडं. दिवाळीच्या आधी." ती गाडीत वाकून स्टेअरिंगचा काठ सोडत होती, माझ्याकडं न बघता. "न्यावीच वाटली न्हाई. इथं ठेवली की शनिवारी यायला कुणाला कारण सांगावं लागत न्हाई."

बघा! मी गाडीला मुराळी करून बसले होते आणि तिकडं लेकीनंही तेच केलं होतं. आम्ही दोघी त्या पायरीवर किती वेळ बसलो ते विचारू नका. हे पारावरून आले तेव्हा चूलही पेटलेली नव्हती.

दुपारी अन्वरभाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, तो काठ हातात घेऊन बघितला, आणि कितीतरी दिवसांनी आमच्याकडं पोहे मागून खाल्ले. जाताना म्हणाले, "भाभी, वो रोती नई थी. वो चिल्लाती थी, के मेरेकू छोडो." आणि फाटकापर्यंत हसत गेले. नवीन होजचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. हा किस्सा दुकानात सांगायची परवानगी तेवढी घेतली.

परतूरच्या व्यापाऱ्याला रेणूनं फोन करून नाही म्हणून सांगितलं. ह्यांनी फाटकाजवळ चाकं अडवायला दोन सिमेंटचे ओटे बांधले, म्हणजे माझ्या काळजीलाही टेकायला जागा झाली. आता लाली सरळ चाकांनी, थोडाच वेळ चालू असते. मी लांबूनच झाडू मारते. ती गुणी बाळासारखी गप्प असते.

त्यानंतरच्या ट्रॅकला दिवसभर गाडी पळाली. संध्याकाळी रेणूचा फोन आला की होज कोरडा ठणठणीत आहे, तेलाचा एक थेंब नाही. तिच्या मागं सगळी गडबड चालली होती आणि ती लहानपणी बक्षीस मिळाल्यावर बोलायची तशी बोलत होती. मी देवापुढं साखर ठेवली. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आई, एक विचारू? लहानपणी मी लई रडायची म्हणती ना तू?"

म्हटलं, हो, रात्रंदिवस.

"मला कशी झोपवायची तू?"

आता काय लपवायचं? माझ्या आईनं शिकवलं होतं, लेकराला दुपट्यात गुंडाळून ठेवावं, म्हणजे शांत झोपतं. मी जरा मन लावून गुंडाळायची. ती रडायची. मी अजून एक गाठ मारायची आणि पाठीवरून हात फिरवत बसायची. शेवटी कंटाळून दुपटं सोडलं की पोरगी गप्प! आणि मी आळीभर सांगत फिरायची, बघा, एवढीशी आहे, पण आईचा हात कसा ओळखते!