अप्पांचा उजवा गाल

माझ्या वडिलांना, अप्पांना, पक्षाघात झाला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. एवढ्या शब्दांतून एकच मागे राहिला, ‘हाय’. जेवायचंय का विचारलं तरी हाय, पोट भरलं का विचारलं तरी हाय. दवाखान्यातून त्यांना जुळे सोलापूर भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्याबरोबर आईही आली.

अप्पा साखर कारखान्यात नोकरीला होते. पाळी कुठलीही असो, वस्तऱ्यानं दाढी केल्याशिवाय ते घराबाहेर पडायचे नाहीत. न्हाव्यापुढं फक्त केस कापायला बसायचे. गळ्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही. त्यामुळं आजारपणात दाढी वाढली आणि आम्ही न्हावी घरी बोलावला, तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग मी दाढीचं मशीन आणलं. ते फिरवलं की कातडी लालभडक व्हायची आणि संध्याकाळपर्यंत गळ्यावर बारीक पुळ्या यायच्या. एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कपाटाकडं बोट केलं. आईला कळलं. तिनं त्यांचा वस्तरा काढून माझ्यापुढं धरला.

“मला येत नाही गं,” मी म्हणाले.

“मला तरी कुटं येतंय? माझा हात लई कापतो. तूच कर.”

आधी मी स्वतःच्या हातावर करून पाहिलं. साबण लावला, पातं टेकवलं आणि कोपरापासून खाली ओढलं. लव गेली, तिच्याबरोबर वरची कातडीही खरवडून निघाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाही खाली ओढून बसले, तरी कापड घासलं की आग व्हायची. एवढ्याशा जागेची एवढी आग, तर अप्पांच्या पातळ, सुरकुतलेल्या गालाचं काय होईल, या विचारानं मी आठवडाभर वस्तऱ्याला हात लावला नाही. ते मात्र रोज सकाळी हनुवटी वर करून वाट पाहायचे.

शेवटी मी वस्तरा घेऊन बसले. गरम पाण्यातून टॉवेल पिळून गालावर ठेवला, केस मऊ पडू दिले. ब्रशनं फेस केला. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणायची, पातं जवळजवळ आडवं धरायचं, जोर द्यायचा नाही, हे सगळं मोबाइलवर बघून पाठ केलं होतं. डाव्या गालावर अप्पाच मला सांभाळून घ्यायचे. पातं जरा जास्त उभं झालं की त्यांची भुवई हलायची, मी थांबायचे. उजवा गाल सुन्न होता. तिथं मी कितीही चुकले तरी भुवई हलत नव्हती. फेस गुलाबी झाला की मला कळायचं.

“अप्पा, आग होतीय का?”

“हाय.”

“थांबू का मग?”

“हाय.”

दाढी झाली की खरं काम सुरू व्हायचं. आधी गार पाण्याची घडी. मग ओली तुरटी फिरवायची. ती डाव्या बाजूला झोंबली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि उजव्या बाजूला काहीच नाही. कुंडीतल्या कोरफडीचा गर आई चमच्यानं काढून द्यायची. तो टिपून टिपून लावायचा, चोळायचा नाही. वाळल्यावर खोबरेल तेलाचं बोट. गळ्यावर तरीही लाल चट्टे उठायचे. चट्टे पूर्ण बसेपर्यंत मी वस्तरा धरायचे नाही, आणि तोवर केस पुन्हा बोचायला लागलेले असायचे.

एका रविवारी उजव्या जबड्याखाली पातं घसरलं. छोटीशीच चीर होती. तुरटी लावली, थांबलं नाही. बर्फ लावला, थांबलं नाही. अप्पांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, हे मलाच पक्कं माहीत होतं, रोज मीच त्या देत होते. रक्त मानेवरून उशीत उतरत होतं. मी कापूस उचलून बघायचे आणि ते पुन्हा भरून यायचं.

“रगत थांबंना की गं,” आई म्हणाली आणि त्यांच्या पायाशी खाली बसली.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “दाबून धरा. उचलून बघू नका. नाहीच थांबलं तर घेऊन या.” मी दाबून धरलं. अप्पा छताकडं बघत होते. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. मग लाल झालेला टॉवेल त्यांना दिसला. त्यांनी एकदा टॉवेलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. धीर मी द्यायला हवा होता. माझ्याकडं तो नव्हता.

बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळ्या चालू आहेत तोवर वस्तरा बंद. गोळ्या तर आता कायमच्या होत्या.

मी अप्पांना ते समजावून सांगितलं. त्यांना किती कळलं, ते मला कळलं नाही. पुढचे काही दिवस सकाळी त्यांनी हनुवटी वर केली. मी ओल्या फडक्यानं तोंड पुसायचे, तेल लावायचे आणि पाण्याचं भांडं आवरायचे. नंतर त्यांनी हनुवटी वर करणं सोडून दिलं. त्याचं मला जास्त लागलं.

आता त्यांना पांढरी दाढी आहे. मी ती कात्रीनं बारीक ठेवते, खालची कातडी कोरडी पडते म्हणून बोटांनी तेल मुरवते. भेटायला येणारे म्हणतात, दाढी शोभून दिसते. अप्पा त्या वेळी खिडकीबाहेर बघत असतात. मी आलेल्यांना चहा देते.