विज्ञानाच्या कपाटाची खंडेनवमी

आमच्या धुळ्याच्या हायस्कुलात विज्ञानाचं कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. शेतकरी नांगर-विळ्याची पूजा करतो तशी आमचे विज्ञानाचे सर काचसामानाची करायचे. एरवी हायड्रोजन फळ्यावर खडूनं तयार व्हायचा आणि तिथेच पुसला जायचा. हात लावायचा नाही, कारण फुटेल. प्रश्न विचारायचा नाही, कारण पोर्शन राहील.

तरी मला दहावीला फिजिक्स-केमिस्ट्रीच घ्यायचं होतं. (तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी हे किंवा शरीरविज्ञान निवडावं लागायचं.) कपाटाच्या काचेतून दिसणाऱ्या बाटल्यांवर माझा जीव जडला होता, दुसरं कारण काही सांगता यायचं नाही.

नववीत असताना खंडेनवमीला आम्हा चार मुलींना हळदीकुंकू वाहायला बोलावलं. मुलींना विज्ञानात तेवढाच मान. मी तराजूच्या पारड्यांपासून चिनी मातीच्या बशीपर्यंत कुणालाही वगळलं नाही. दसरा झाल्यावर सर म्हणाले, "लावलीस ना, आता काढ."

बशीची हळद पाण्यानं निघेना, म्हणून घरून धुण्याचा सोडा आणला. (माय पुढे आठवडाभर विचारत होती, "सोडा कोठे गया वं?") सोड्याचं पाणी पडलं आणि पिवळी हळद बघता बघता लाल झाली. घाबरून, घरी पितळी भांड्यांना चोळतो तसं डब्यातलं लिंबू चोळलं, तर पुन्हा पिवळी. परत सोडा टाकला, परत लाल. शाळेत पहिल्यांदाच काहीतरी फळ्याबाहेर घडत होतं, तेही माझ्या हातात. बशी घेऊन मी तडक शिक्षकांच्या खोलीत गेले.

"सर, हे असं का होतं?"

सरांनी बशी उलटीसुलटी करून पाहिली. "तडा नाही ना गेला?"

"नाही सर. पण रंग..."

"पुस्तकात लिटमस आहे. हळद कुठल्या पानावर आहे, दाखव बरं."

शेजारचे ड्रॉइंगचे सर म्हणाले, "अहो, पोरगी काहीतरी विचारतेय."

"यांचं विचारायला काय जातं? पोर्शन मला संपवायचाय."

घरी थोरल्या बहिणीपुढे, अक्कापुढे, मी आदळआपट केली. तिनं शांतपणे विचारलं, "तुला विषय घ्यायचाय की सर?" अक्काचं बरोबर होतं. चौदाव्या वर्षी बरोबर बोलणाऱ्या माणसाचाच जास्त राग येतो.

तो राग मी उन्हाळ्यापर्यंत लोणच्यासारखा जपला. विषय निवडायच्या दिवशी सरांपुढे उभी राहिले आणि घोटून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "सर, मी तुमचा विषय घेत नाही. शरीरविज्ञान घेते." का म्हणून विचारतील, मग एकेक सुनावायचं, असा माझा बेत होता.

"बरं केलंस," सर म्हणाले. "बाकं कमीच पडतायत." आणि मागच्या मुलाला पुढे बोलावलं.

पुढची दोन वर्षं मी माणसाची हाडं पाठ करत होते आणि आपण सरांची चांगली जिरवली, असं स्वतःला बजावत होते.