घरी विचारून सांगते

मी शहापूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि शिकवण्यापेक्षा जास्त वेळ मुलांना नोकरीला लावण्याच्या मागे असते. हे काम मला कोणी दिलं नाही, मीच ओढवून घेतलं. स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. मुलाखत मुलांची असते आणि व्हरांड्यात येरझाऱ्या मी घालते. आमचा शिपाई म्हणतो, मॅडम, लाद्या झिजतील.

शनिवारी दुपारी मी तयारीचा वर्ग घेते. मी टेबलामागे साहेब होऊन बसते आणि पदवी झालेली मुलं एकेक करून आत येतात. बसा म्हटलं तरी उभीच. चहा घेणार का विचारलं, की नको. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. लहानपणापासून डोळे वटारून शिकवलेलं असतं ते. माझा पारा चढतो. "अरे, तिथे दुसऱ्यांदा विचारायला तुझी मावशी बसलेली नाही!" मुलं हसतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा नको म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात या वर्गात डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी येत होती. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झालेली. हात इतका स्थिर, की कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेटच्या नळीतून ती एकेक थेंब सोडायची तेव्हा श्वास आम्हीच रोखून धरायचो. एवढा गुण घेऊन ती घरी गुरं सोडत होती, हे मला सहनच होत नव्हतं. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीला लॅबसाठी मुलगी हवी होती. मी तिचं नाव कळवलं आणि सोमवारी स्वतः स्कूटीवर घालून तिला घेऊन गेले.

ती आत गेली. मी गेटपाशी चकरा मारत होते. वॉचमनने मला दोनदा हटकलं. तासाभराने ती बाहेर आली, गाल लाल झालेले.

"सगळं आलं मॅडम. सर म्हणाले, पुढच्या सोमवारी रुजू व्हा. मुरबाडलाच खोली घेऊन राहावं लागेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"घरी विचारून सांगते म्हटलं."

मी कपाळाला हात लावला. बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, सगळं शिकवलं होतं, एवढं एक सोडून. तिच्या मते ती रीतीने बोलली होती. घरात मोठी माणसं असताना आपणच हो म्हणून टाकायचं, हे तिच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं.

"आज रात्रीच विचार आणि उद्या फोन कर," असं मी चारदा बजावलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिचा फोन लागेना. पाड्यावर रेंज नाही. शुक्रवारी दुपारी कंपनीतून मलाच फोन आला. "मॅडम, विचारून सांगते म्हणजे नाहीच असतं हो, आम्हाला सवय आहे. पाच वाजता दुसऱ्या मुलीला कळवतो."

मी उरलेला तास सहकाऱ्याच्या गळ्यात मारला आणि स्कूटी काढली. रस्ताभर मी तिच्या बापाशी भांडत होते. त्याला मी पाहिलेलंही नव्हतं, पण त्याची सगळी उत्तरं मला पाठ होती. पोरीची जात, लोक काय म्हणतील, लग्न कोण करील. प्रत्येकाला मी सडेतोड उत्तर तयार केलं. पाड्यावर पोचेपर्यंत तो बिचारा पुरता हरलेला होता.

खळ्यावर झोडणी चालली होती. बाप भाताची पेंढी फळीवर आपटत होता, आई सुपाने वारं देत होती. मुलगी झाडू घेऊन दाणे लोटत होती. मला बघताच ती "मॅडम!" म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

"अगो, मॅडम आल्यात. खाट टाक, च्या ठेव," बाप म्हणाला.

मी बसले नाही. "तुम्ही हिला का पाठवत नाही?"

"कुठं?"

"नोकरीला! मुरबाडला!"

त्याने पेंढी तशीच हातात धरली. बायकोकडे बघितलं, बायकोने मुलीकडे. "कसली नोकरी? आमाला तं काय म्हायतीच नाय."

माझी सगळी सडेतोड उत्तरं वाया गेली. मी मुलीकडे वळले. "चार दिवस काय करत होतीस?"

"रोज वाटायचं, उद्या विचारू." मग खाली बघत म्हणाली, "नाही म्हणाले असते तर, मॅडम? आणि हो म्हणाले असते तर? मग जावंच लागलं असतं. मी कधी एक रात्र एकटी राहिलेली नाय."

तिला झापायला हवं होतं. मी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण मला माझंच आठवलं. एम.एस्सी. झाल्यावर ठाण्याच्या एका लॅबने मलाही बोलावलं होतं. मीही घरी विचारून सांगते म्हणाले होते, सापगावला घरी आले होते, आणि कोणालाही काहीही विचारलं नव्हतं. नंतर मात्र ज्याला त्याला सांगत सुटले, घरच्यांनी सोडलं नाही. इतक्यांदा सांगितलं, की मलाच खरं वाटायला लागलं. शनिवारच्या वर्गातही मी ते तावातावाने सांगते. मला स्वतःची लाज वाटली.

बाप मुलीसमोर जाऊन उभा राहिला. "तुला काय वाटतं? इचारतो ना मी."

"भीती वाटते," ती म्हणाली. मग झाडू खाली ठेवून म्हणाली, "पण जायचंय."

"मंग जा की. भीती तं वाटतेच."

"जेवणाचं काय करशील गो?" आईने विचारलं.

पाचला वीस मिनिटं होती. रेंज देवळामागच्या खडकावरच येते, म्हणून आम्ही दोघी चढ चढलो, मागून बाप, खांद्याला पेंढा चिकटलेला. मी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली तशी ती म्हणाली, "तुम्हीच बोला ना, मॅडम."

खरं सांगते, मला बोलायचंच होतं. हातातून फोन सुटत नव्हता. तरी तो तिच्या कानाला लावला.

"सर, मी सोमवारी येते," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने बापाकडे बघितलं. "हो सर. विचारलं."

खाली आल्यावर चहा आला. मी सवयीने नको म्हटलं आणि तिच्या आईने तो माझ्या हातात कोंबला.

परतीच्या वाटेवरच सापगाव, माझं माहेर. वडील, आमचे दादा, ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. डोक्यावरचं हेल्मेटही न काढता मी विचारलं, "दादा, मला ठाण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागत होती. तुम्ही जाऊ दिलं असतंत?"

"कंच्या लॅबमध्ये? तू कवा सांगितलंस?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर?"

दादांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. "मी नाय म्हनलो असतो," ते म्हणाले. "पन तू भांडली असतीस नी गेली असतीस. तू काय आमचं ऐकनारी?"

मी हेल्मेट काढून ओटीवर बसले. जन्मभर मी सगळ्यांशी भांडत आले. ते एकच भांडण तेवढं केलं नव्हतं.