बाबांच्या फोटोला हार

माझे बाबा एका मालिकेच्या चौथ्या भागात भूत झाले. भूत म्हटलेलं त्यांना आवडत नाही. "आत्मा म्हण," ते सांगतात, "भुताला संवाद नसतात." मालिका मोबाइलवर बघायची, पुण्यातच घडणारी. तिच्यातल्या इन्स्पेक्टरला खून झालेली माणसं दिसतात आणि प्रत्येक जण त्याला आपल्या खुन्याचा माग देऊन जातो. मला असल्या गोष्टींचा भारी वैताग. खराडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची माझी नोकरी, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी विचारलं, की मेलेल्या माणसाला खुनी ठाऊक आहे तर तो सरळ नाव का सांगत नाही?

"मग भाग पाच मिनिटांत संपेल," बाबा म्हणाले. "डोकं वापर जरा."

बाबा अमरावतीकडून हडपसरच्या एका कारखान्यात नोकरीला आले, ते नाटकाचं वेड घेऊनच. कामगारांच्या नाट्यस्पर्धांत त्यांनी हवालदार, पोस्टमन, दुसरा गावकरी अशा भूमिका केल्या. एका नाटकात तर ते फक्त दार उघडायचे. पण आई प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत. बाबा रंगमंचावर आले की ती पदर सावरून ताठ बसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "दार छान उघडलंत." बाबांना तेवढं पुरायचं. मग गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि सगळं थांबलं. साखर बंद, तळण बंद, तालमी बंद. ते जिना चढायला लागले की आई खाली उभी राहून शेवटच्या पायरीपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची. बाबांनी कधी तक्रार केली नाही, पण त्यांचं बोलणं आटलं. आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

म्हणून माझ्या मैत्रिणीच्या बहिणीने, म्हणजे मालिकेच्या दिग्दर्शिकेने, "काका, एकच सीन आहे, अगदी सिंपल, खुर्चीत बसूनच," असं विचारलं तेव्हा आईने कुरकुरत का होईना, होकार दिला. बसूनच आहे, यावर ती विरघळली. भूमिका एका निवृत्त मुख्याध्यापकाची, ज्यांना कोणीतरी चहातून विष दिलंय. टेबलावरच्या कपात साखरेचा चहा सापडतो, आणि आत्मा म्हणतो, "साहेब, मी चहात साखर घेत नव्हतो." बस, एवढंच वाक्य. बाबा ते आंघोळ करताना म्हणायचे, मेथी निवडताना म्हणायचे, एकदा माझी ऑनलाइन मीटिंग चालू असताना मागून म्हणाले. माझ्या साहेबांनी त्यांना सॉरी म्हटलं.

सगळं सुरळीत झालं असतं, पण मध्ये तो फोटो आला.

मुख्याध्यापकांचा आत्मा भिंतीवरच्या स्वतःच्याच फोटोखाली बसतो, असं ते दृश्य. शूटिंगवाल्यांनी फोटो मागितला तेव्हा बाबांनी कौतुकाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा दिला. त्या लोकांनी त्यातून आईला कापलं, बाबांना मोठं केलं, फ्रेम केली आणि वर चंदनाचा हार चढवला. कडेला आईचं मनगट आणि हिरव्या बांगड्या तेवढ्या उरल्या. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये शूटिंग संपलं आणि ती फ्रेम त्यांनी बाबांना आठवण म्हणून दिली. बाबा ती मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. रिक्षावाला सगळ्या रस्त्याने आरशातून एकदा फोटोकडे आणि एकदा बाबांकडे बघत होता म्हणे.

आई रागावली की तिची अमरावती बाहेर येते. ती दारातच आडवी उभी राहिली. "माह्या जित्या मानसाले हार? काहून? अन् माहा हात तोडला तो तोडलाच!" फ्रेम घरात येणार नाही, आणि तो भाग मी जन्मात बघणार नाही, असं सांगून ती आत गेली आणि कुकर लावला.

बाबांनी फ्रेम दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवली, तोंड भिंतीकडे करून. मालिकेचा तो भाग शुक्रवारी आला. मी ऑफिसमधून धावतपळत घरी आले, तर बाबा पेपर वाचत बसलेले. बघितला का, विचारलं, तर म्हणाले, "तिने नाही बघितला, तर केलं काय नि न केलं काय." मला दोघांचाही राग आला. एकाने एवढ्याशा फोटोचा बाऊ करायचा आणि दुसऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं धड वाक्य न बघता बसायचं! शनिवार तसाच गेला. आई बाबांशी बोलत होती, पण फक्त गोळ्यांबद्दल.

रविवारी सकाळी जिना पुसणाऱ्या मावशी आल्या. गेलेल्या माणसाचा फोटो असा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला त्यांना बघवला नसणार. त्यांनी तो फडक्याने पुसला, जिन्याकडे तोंड करून नीट उभा केला, वर एक जास्वंदीचं फूल ठेवलं आणि पुढच्या मजल्यावर गेल्या.

तासाभराने बेल वाजली. बाबा दाढी करत होते, तसेच अर्ध्या तोंडाला फेस घेऊन त्यांनी दार उघडलं. मी त्यांच्या मागेच होते. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. तशी आजींच्या हातात टोपली होती आणि डोळ्यांना पदर. पदर खाली करून त्यांनी बाबांकडे बघितलं, मग फोटोकडे, मग परत बाबांकडे.

"आवं... तुमी हाय का?"

"आहे की," बाबा म्हणाले. नजर टोपलीवर. "पिठलं हिरव्या मिरचीचं आहे का हो?"

आजींच्या मागे जिन्यात आणखी पाच-सहा जण होते, झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यात पेठेतून इकडे राहायला आलेले, सोसायटीचे सेक्रेटरीही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बाबांना नीट न्याहाळलं. "कार्यक्रम रद्द झाला असल्यास तशी सूचना फलकावर लावायची पद्धत आहे," ते म्हणाले. "आम्ही हा झब्बा मुद्दाम इस्त्री करून घातला."

मी हसून हसून भिंतीला टेकले. बाबा फेसासकट हसत होते. आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तिला दिसली ती फक्त दाराशी उभी असलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं. बाबा माझ्याआड होते. गेलं वर्षभर हेच दृश्य तिच्या डोळ्यांपुढे असणार, हे मला तेव्हा कळलं, आणि माझं हसू तिथल्या तिथे बंद झालं. ती मटकन खाली बसली. "अगं, मी इथे आहे," बाबा धावत जाऊन म्हणाले, तर तिने त्यांचा फेसाळ गाल दोन्ही हातांनी धरला आणि रडायलाच लागली. इतकी की सेक्रेटरीसुद्धा झब्ब्याविषयी आणखी काही बोलले नाहीत.

आजी मात्र टोपली खाली ठेवून तिच्याशेजारी बसल्या. "बया, रडतीस कशाला? मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. आमच्या थोरल्या दिराची दोनदा उठली हुती. आजून मळ्यात जातोय, सुनांना शिव्या देतोय."

आईने डोळे पुसले. "खरंच वाढतं?"

"न्हाई तर काय! जेवढ्यांच्या कानावर जाईल तेवढं वाढतं."

माझ्यातली चूक शोधणारी बाई काहीतरी बोलणार होती. पण आईचा चेहरा बघितला आणि मी तोंड मिटलं.

आई उठली. दाराबाहेर गेली, फ्रेम उचलली, आत आणली आणि टीव्हीशेजारी ठेवली, हारासकट. मग पदर सावरून सतरंजीवर बरोबर मध्ये, पहिल्या रांगेत बसली. "लाव गं तो भाग," मला म्हणाली. "आणि तुम्ही तोंड धुऊन या."

सगळे बसले. आणलेलं पिठलं परत नेणं बरं दिसेना, म्हणून ताटल्या निघाल्या. भाकरी पुरेनात तेव्हा आईने आणखी टाकल्या. मी फोन टीव्हीला जोडला. इन्स्पेक्टर खोलीत आला, दिवा लुकलुकला आणि भिंतीवरच्या फोटोखालच्या खुर्चीत आमचे बाबा दिसले, पांढरेफटक, इतके गंभीर की मला ओळखू येईनात.

"ह्या बघा माझ्या बांगड्या!" आई ओरडली. "मीपण आहे की!"

मग बाबांनी मान वर केली. आमच्या खोलीत कोणी घास गिळेना. "साहेब," बाबा टीव्हीतून हळूच म्हणाले, "मी चहात साखर घेत नव्हतो."

"साफ खोटं," आई म्हणाली. "कालच चोरून दोन चमचे घातलेत." आणि मग ती टाळ्या वाजवायला लागली. आजी वाजवायला लागल्या, सेक्रेटरींनीही मोजक्याच पण वाजवल्या. बाबा मांडीवरच्या ताटलीकडे बघत होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते. गेल्या वर्षभरात मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं, आणि मला स्वतःला इतका आनंद झाला की मी एकही शंका विचारली नाही.

मंडळी गेल्यावर आईने तिचा मोबाइल घेतला. फ्रेमचा हार नीट केला, जास्वंद मधोमध आणली आणि फोटो काढला. माहेरच्या ग्रुपवर तो जाताना मी बघितला. अमरावती, अकोला, यवतमाळ, सगळे त्यात आहेत.

"अगं आई, खाली काहीतरी लिही! मालिकेतला आहे म्हणून सांग. मामा रडत फोन करेल."

"करू दे," ती म्हणाली आणि तोच फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला. "ऐकू दे सगळ्यांना."

पहिला फोन वाजला, तेव्हा तिने तो न उचलता बाबांच्या हातात दिला.